दबाव आढळला

माणसाला माणूस करणारे शोध इतिहासात तीनच झाले : अग्नी, चाक आणि स्वसंमती पडताळणी संच. हे वाक्य मंत्रिमहोदयांनी झेंडूच्या माळा सोडलेल्या व्यासपीठावरून उच्चारलं आणि टाळ्या संपेपर्यंत हात वर धरून ठेवला. त्यांतला तिसरा शोध डोंगरवाकी ग्रामपंचायतीत पोचला तो जून महिन्यातल्या एका मंगळवारी, खोक्यावरची 'ही बाजू वर' असं लिहिलेली बाजू खाली करून. संचाच्या प्लगला तीन पिना होत्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीला भोकं दोन होती. मग पुढचे अकरा दिवस इतिहासातल्या तिसऱ्या शोधावर पिण्याच्या पाण्याचा जार ठेवण्यात आला. उंची अगदी बरोबर जमली. इतका उपयोगी सरकारी संच गावाने याआधी पाहिला नव्हता.

बाराव्या दिवशी वायरमन आला आणि सुखाचे दिवस संपले.

डोंगरवाकीला सरपंच दोन होते. एक कागदावरच्या : उज्ज्वला भागवत शिरसाठ, वय अडतीस, शिक्षण बारावी, महिला राखीव जागेवर चार वर्षांपूर्वी निवडून आलेल्या. दुसरे चालते-बोलते : त्यांचे यजमान भागवत. गाव भागवतला 'सरपंच' म्हणे आणि उज्ज्वलाला 'सरपंचांच्या मिसेस'. "आपण बायकोला निवडून आणलं," असं भागवत सांगे, ते बाजारातून कोथिंबीर आणल्याच्या सुरात. झेंडावंदनाला दोरी उज्ज्वला ओढायची. किती ओढायची ते मागून भागवत सांगायचा. माणूस वाईट नव्हता. आपण बायकोचा भार हलका करतो आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, आणि गावात तशी समजूत नसलेला एकही पुरुष नव्हता.

आता संचाविषयी. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत डॉ. मृणाल केसकर नावाच्या बाईंनी नऊ वर्षं एकाच शब्दावर काम केलं. शब्द होता 'चालेल'. बायका हा शब्द दिवसातून किती वेळा आणि किती तऱ्हांनी उच्चारतात याचे त्यांनी चाळीस हजार नमुने गोळा केले. त्यात त्यांना असं आढळलं की स्वतःच्या मनातलं बोलण्याआधी माणूस नकळत एक लहानसा श्वास घेतो. दुसऱ्याच्या मनातलं बोलताना तो श्वास मध्येच अडतो. कंठातले स्नायू सेकंदाला दहाएक वेळा बारीक थरथरत असतात. मनाविरुद्ध बोलताना त्या थरथरीची लय बदलते. कानाला यातलं काही कळत नाही, यंत्राला कळतं.

दुसरी खूण हृदयाची. निर्धास्त माणसाचं हृदय घड्याळासारखं टकटक चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित कमीजास्त होत राहतं. गप्पा मारत चाललेल्या माणसाच्या पावलांसारखं. दडपण आलं की ठोके एका मापाचे होतात, कवायतीच्या पोरांसारखे. तेव्हा मनगटाला पट्टा बांधायचा, माईकपुढे ठराव वाचायचा आणि आपलं मत सांगायचं. आवाज आणि ठोके दोन्ही 'ही बाई स्वतःचं बोलते आहे' म्हणाले, की हिरवा दिवा लागून ठरावावर सरपंचांची सही आपोआप उमटणार. नाहीतर लाल दिवा, आणि आतून एक गोड आवाज : "दबाव आढळला. कृपया दबाव आणणाऱ्या व्यक्तीचं नाव सांगा."

संच फक्त महिला सरपंचांसाठी होता. पुरुषांवर दबाव येत नाही, असं याबाबतच्या समितीचं एकमत झालं होतं. समितीत अकरा पुरुष होते आणि अध्यक्षांनी सांगितल्याबरोबर त्यांचं एकमत झालं.

पहिल्या बैठकीला भागवत नेहमीसारखा खुर्चीत आणि उज्ज्वला शेजारच्या स्टुलावर. ग्रामसेवक तांबोळी यांचं पदनाम सरकारने तीनदा बदललं होतं, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणे. त्यांनी पहिला ठराव वाचला. विषय होता गटारीवरच्या फरशीचा.

"म्हण, मंजूर," भागवत म्हणाला.

"मंजूर," उज्ज्वला म्हणाली.

लाल. दबाव आढळला. नाव सांगा.

उज्ज्वलाने पदर सारखा केला. सोळा वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं, आणि गटारीच्या फरशीवर उखाणा तिला आयत्या वेळी सुचेना.

"हे," ती हळूच म्हणाली.

"'हे' अशी नोंद झाली," यंत्र म्हणालं. "धन्यवाद."

असाच प्रकार इतर गावांतही घडला असावा. महिनाअखेर जिल्ह्याच्या ठिकाणी 'हे' नावाच्या एकाच इसमाविरुद्ध एकशे सत्तर तक्रारी जमा झाल्या. इसम एकाच दिवशी इतक्या गावांत कसा पोचतो, याची चौकशी लावण्यात आली.

जुलै उजाडेपर्यंत डोंगरवाकीत चौदा ठराव लटकले. भागवतने बाहेर व्हरांड्यात उभं राहून पाहिलं, तरी लाल. शेताच्या बांधावर जाऊन बसला, तरी लाल. घरी येऊन आईपुढे धुसफुसला.

"सवत आणून बसवली सरकारनं माझ्या उरावर."

त्याची आई सरूबाई शेंगा फोडत होती. "बाप्या मान्साला सवत नसती, बाबा. गप जेव."

उज्ज्वला मात्र एका ठरावाची वाट पाहत होती. जिल्ह्यातून तीन गावांना पत्र आलं होतं : बायकांच्या तपासणीचं एक केंद्र मिळेल. पडदा असलेली खोली, तपासणीचं टेबल, नळाचं पाणी आणि आठवड्याचे सहा दिवस नर्स. जो गाव एस.टी.च्या थांब्याजवळची जागा देण्याचा ठराव पंधरा सप्टेंबरच्या आत पाठवेल, त्याला. सध्या कल्पना सिस्टर नऊ गावांत मिळून एक होती. डोंगरवाकीत ती गुरुवारी येई आणि रेशनच्या पोत्यांआड बाकड्यावर बायकांना तपासे. दाराला कडी नव्हती. त्यामुळे बायका डोकं दुखतं एवढंच सांगत.

डोंगरवाकीच्या थांब्याजवळ जागा एकच होती, चार गुंठे. ती भागवतने कमानीसाठी धरून ठेवली होती. तालुक्याचे पुढारी तात्यासाहेब यांच्या कैलासवासी वडिलांच्या नावाची कमान, वर दोन सिंह. गावाला जायचा रस्ता खड्ड्यांचा होता, पण आत शिरतानाचा थाट काही कमी पडणार नव्हता.

भागवत एका शुक्रवारी लग्नाला परगावी गेला. उज्ज्वला एकटी पंचायतीत आली, भाऊसाहेबांना तपासणी केंद्राचा ठराव काढायला लावला, पट्टा स्वतः बांधला आणि माईकपुढे बसली. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. चार वर्षांत प्रथमच ती त्या खुर्चीत बसली होती. खुर्चीचा एक पाय आखूड आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

"थांब्याजवळची जागा तपासणी केंद्राला द्यावी," ती म्हणाली. "मंजूर. अगदी माझ्या मनापासून मंजूर."

लाल. "दबाव आढळला. कृपया दबाव आणणाऱ्या व्यक्तीचं नाव सांगा."

"कुणाचा नाही गं बाई," उज्ज्वला यंत्राला म्हणाली.

"'कुणाचा' अशी नोंद झाली. धन्यवाद."

तिने पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा लाल. आपलं मनसुद्धा आपलं नाही की काय, या शंकेने ती घरी आली आणि भाकरी थापताना दोन भाकरी करपवल्या.

गुरुवारी तिने कल्पना सिस्टरला गाठलं. सिस्टर पन्नाशीची, तोंडाने फटकळ, मोपेडवर औषधांचं खोकं बांधून हिंडणारी. तिने पहिल्यांदा उज्ज्वलाच्या पापणीची कड खाली ओढून पाहिली.

"ताई, पांढरी फटक. धाप लागते?"

"जिना चढताना. पण ती सगळ्यांनाच लागते."

बोटाला सुई टोचून सिस्टरने मशीनवर आकडा पाहिला. सात पूर्णांक चार.

"पाळी?"

"जाते पुष्कळ."

"आणखी काय? खरं सांगा. मी दाराला मोपेड लावून आलेय, कुणी येत नाही."

उज्ज्वलाने पोत्यांकडे पाहिलं. मग एका दमात सांगून टाकलं. बारा वर्षांपूर्वी, धाकट्या तन्वीच्या बाळंतपणानंतर, अंग बाहेर यायला लागलं. हंडा उचलला की येतं, खोकलं की येतं. बसताना एका कुशीवर बसावं लागतं. दिवसभर ओढ लागून राहते. माईकपुढे बसली होती तेव्हाही लागली होती.

 सिस्टरने मोबाइलवर संचाची माहितीपुस्तिका उघडली आणि बोट फिरवत फिरवत वाचली.

"बघा आता शहाणपणा. रक्त कमी असलं की हृदय जोरजोरात आणि एका मापात ठोकतं. सततचं दुखणं असलं की श्वास अर्ध्यात अडतो. यंत्राला एवढंच कळतं, की ह्या बाईला काहीतरी दाबतंय. ते नवरा आहे का गर्भाशय, ते त्याला कुठून कळणार?"

"मग पुण्यात यंत्राला कसं कळलं?"

"पुण्यात धडधाकट बायका बसवल्या होत्या मापं घ्यायला. रोज सकाळी टेकडी चढणाऱ्या."

उज्ज्वलाच्या ध्यानात हळूहळू आलं. बरं व्हायचं तर केंद्र हवं. केंद्र हवं तर सही हवी. सही हवी तर आधी बरं व्हायला हवं.

"लाल दिवा आजारामुळे लागतो, असा मी दाखला देते," सिस्टर म्हणाली. "पण कुठला आजार ते लिहावं लागेल."

"नका लिहू. दाखला ग्रामसभेत वाचतात."

"मग बसा तशाच, एका कुशीवर," असं म्हणून सिस्टरने लोहाच्या गोळ्यांचं पाकीट तिच्या हातावर आपटलं आणि मोपेडला लाथ मारली.

गोष्ट तेवढ्यावर राहिली असती. पण खोलीत तिसरं कोणी नसताना लाल दिवा लागला, हे भाऊसाहेबांकडून फुटलं. मग सरपंचबाईंवर दबाव कोणाचा? उपसरपंच पोपट गाडेकर यांनी विचार करून उत्तर काढलं : सिस्टरचा. ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यांनी उभं राहून ठरावच मांडला, की सदर नर्स भोळ्याभाबड्या महिला सरपंचावर दबाव आणून गावाची जागा लाटू पाहते, तरी तिची बदली करण्यात यावी. भागवतने मान डोलावली. कमानीचा मार्ग मोकळा होत होता.

देवळापुढच्या मंडपात पुरुष पुढे, बायका खांबांमागे. सिस्टर कडेला हाताची घडी घालून उभी होती. नऊ गावांतली ती एक बाईही जाणार, आणि आपण गोळ्यांचं पाकीट धरून गप्प बसणार, हे उज्ज्वलाला दिसलं. ती उठली. उठताना नेहमीसारखा हात कमरेला गेला.

"सिस्टरचा दबाव नाही," ती म्हणाली.

"मग कुणाचा, वहिनी?" पोपटरावांनी आदराने विचारलं. "नाव घ्या."

"माझ्या अंगाचा. अंग बाहेर येतं माझं. बारा वर्षं झाली. रक्त सातावर आहे. यंत्र ते मोजतंय."

 पुढच्या रांगेतल्या पुरुषांना एकाएकी आपापल्या चपला पाहाव्याशा वाटल्या.  उज्ज्वलाला वाटलं, खांबांमागून आता कोणीतरी बोलेल. कोणी बोललं नाही. मग सरूबाईच कडाडल्या.

"त्यात काय सांगायचं गं चारचौघांत? माझं तीस वर्सं झालं येतंय. ह्या पारूचं येतंय, त्या गंगीचं येतंय. आमी कदी मंडप घालून सांगितलं?"

पारू आणि गंगी यांनी पदर तोंडावर ओढून घेतले, पण नाही म्हणाल्या नाहीत. भाऊसाहेबांनी सवयीने सगळं इतिवृत्तात लिहून घेतलं.

घरी भागवत ओट्यावर बसून राहिला. संध्याकाळचा चहा त्याने गार होऊ दिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तन्वी तीन महिन्यांची असताना."

"मग मी काय म्हणालो?"

"बघू म्हणालात."

"मग?"

"मग काही नाही. बघू म्हणालात."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी संचाच्या मदतकेंद्राला फोन लावला. सिस्टरच्या दाखल्यावर आजार हा दबाव म्हणून नोंदवता येईल का? पलीकडून उत्तर आलं, की नमुन्यात व्यक्तीचं नाव आवश्यक आहे, आजार ही व्यक्ती नाही. तरी कृपया सरपंचांना निरोगी करून पुन्हा प्रयत्न करावा.

आणि मग विज्ञानाने जे कधी योजलं नव्हतं ते घडलं. सोळा ठराव अडकले होते. गटारीची फरशी अडकली होती, नळाची दुरुस्ती अडकली होती, आणि मुख्य म्हणजे सिंहांसकट कमान अडकली होती. सरपंचबाईंचं रक्त वाढल्याशिवाय गावात वीटही हलणार नव्हती. डोंगरवाकीच्या इतिहासात प्रथमच एका बाईचं हिमोग्लोबिन हा सार्वजनिक हिताचा प्रश्न झाला.

भागवत स्वतः तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. लोहाच्या सलाइनी लागल्या. डॉक्टरीणबाईंनी अंग जागेवर धरून ठेवणारी सिलिकॉनची रिंग बसवली. त्याला पंधरा मिनिटं लागली. बारा वर्षं आणि पंधरा मिनिटं, हा हिशेब उज्ज्वलाने येताना एस.टी.त पुन्हा पुन्हा करून पाहिला. बाहेर आल्यावर ती बाकावर बसली, ती दोन्ही कुशींवर सारखी. आणि तिला रडू आलं. भागवतने घाबरून विचारलं, दुखतंय का. ती म्हणाली, नाही, म्हणूनच.

हंडा उचलायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी भागवतला बजावलं होतं. तेव्हा सरपंच पाणी भरू लागले. पहिले चार दिवस मागच्या दाराने, पाचव्या दिवशी पुढच्या. शनिवारी कलेजी घरी आली, आणि त्या घरात पहिल्यांदा ती बाईच्या ताटात आधी पडली. सरूबाई म्हणाल्या, "मला न्हाई कुनी वाढलं." मग पुढल्या शनिवारी त्यांनाही वाढली.

चहाच्या टपरीवर पूर्वी कांद्याचा भाव लिहीत, त्या फळीवर आता 'वहिनी : ८.९' असं लिहिलेलं असे. पोपटराव रोज सकाळी येऊन फळी वाचत. शेजारच्या खेड्यात म्हणे सरपंचांच्या नवऱ्याने खजुराचं पोतंच आणून टाकलं होतं. एकाने गुळवेलीचा काढा पाजून बायकोला जुलाब लावले आणि दोन ठराव आणखी लांबवले. जिल्हाभर नवरे एकमेकांना फोन करून विचारत, तुमची कितीवर गेली? हे सगळं प्रेमाने चाललं होतं असं कोणी म्हणणार नाही. पण बीट आणि पालक कोणत्या हेतूने आणले आहेत, याची रक्त चौकशी करत नाही.

सप्टेंबरच्या अकरा तारखेला आकडा अकरावर गेला. पंचायतीत गर्दी झाली. भागवतने नवा सदरा घातला होता. ठरावांच्या चवडीवर वर कमानीचा, आणि सगळ्यांत खाली तपासणी केंद्राचा, अशी मांडणी त्याने स्वतः केली होती. सिस्टर दाराशी उभी होती. उज्ज्वलाने पट्टा बांधला.

"ठराव पहिला," भाऊसाहेब म्हणाले. "थांब्याजवळची जागा स्वागत कमानीस देणेबाबत."

भागवत पुढे झुकला. उज्ज्वलाने एक लहानसा श्वास घेतला. तो कुठे अडला नाही.

"नामंजूर."

हिरवा दिवा. यंत्राला लागलेला तो पहिला हिरवा दिवा होता. रंग बरा होता, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं.

"आता शेवटचा काढा," उज्ज्वला म्हणाली, आणि भाऊसाहेबांनी सरपंचांकडे न बघता खालचा कागद वर घेतला. तपासणी केंद्र. मंजूर. हिरवा. सही उमटली.

"कलेजी मी आणत होतो," भागवत म्हणाला. 

"चांगली होती," उज्ज्वला म्हणाली, आणि तिला ते खरोखरच म्हणायचं होतं.

भागवत उठला. "आणि माझ्या इच्छेला काही किंमत? कमान ही माझी, माझी स्वतःची इच्छा आहे. आण तो पट्टा इकडे." त्याने पट्टा मनगटाला आवळला, माईकपुढे वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "कमान झाली पाहिजे. मंजूर."

लाल. दबाव आढळला. नाव सांगा.

 सिस्टर पुढे आली, तिने भागवतच्या बोटाला सुई टोचली आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "पंधरा पूर्णांक दोन. रक्त झकास आहे, भाऊ. म्हणजे दबाव खराच."

"कृपया नाव सांगा," यंत्र पुन्हा म्हणालं.

भागवतने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. चार वर्षं तो गावाचा कारभार पाहत होता, पण एक नाव त्याच्याही जिभेवर येत नव्हतं.

"साहेब," तो अखेर पुटपुटला.

"'साहेब' अशी नोंद झाली. धन्यवाद."

दोघं घरी परतली.  वाटेत दोघांनी मिळून हंडा आणला. म्हणजे त्याने आणला आणि ती शेजारून चालली.

इथे गोष्ट संपली असती तर मंत्रिमहोदयांचं वाक्य खरं झालं असतं. तेरा तारखेला परिपत्रक आलं. स्वसंमती पडताळणी संच तत्काळ मागे घेण्यात येत आहेत. संचावर झालेले सर्व ठराव रद्द समजावेत. ठराव पूर्वीप्रमाणे कागदावर, हस्ताक्षरातल्या सहीने पाठवावेत. कारण दिलं नव्हतं. मंत्रिमहोदयांनी एका समारंभात कौतुकाने पट्टा स्वतःच्या मनगटावर बांधून घेतला होता, अशी बोलवा होती. तपासणी केंद्राची मुदत मात्र पंधरा तारीखच राहिली. ती वाढवायला कोणाची सही लागते, हे कोणाला माहीत नव्हतं.

चौदा तारखेला उज्ज्वला सकाळीच पंचायतीत गेली. गणसंख्या होती, ठराव होता, भाऊसाहेबांनी कागद टंकून ठेवला होता. दुपारी तीनच्या एस.टी.ने तो जिल्ह्याला जाणार होता. तिने पेन घेतलं आणि सावकाश, सगळी जोडाक्षरं नीट काढून, सही केली : उज्ज्वला भागवत शिरसाठ. बारावीच्या परीक्षेनंतर तिने स्वतःचं नाव इतकं मन लावून लिहिलं नव्हतं.

भाऊसाहेबांनी कपाटातून एक पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. कार्ड एका बाजूला, ठराव एका बाजूला. चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ पाहत राहिले.

"मॅडम, जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"तुमची सही तुमच्या सहीशी." त्यांनी कार्ड फिरवून तिच्यापुढे धरलं. "ही नमुना सही. शपथविधीच्या दिवशी जिल्ह्याला पाठवलेली. तिकडे आता मशीन ताडून बघतं. नाही जुळली की परत."

कार्डावर उज्ज्वलाचं नाव होतं. अक्षर उतरत्या पावसासारखं तिरकं, शेवटच्या ठ-ला खाली शेपूट, आणि शेपटाखाली दोन टिंबं. त्या दिवशी तिच्या मांडीवर पाहुण्यांचं बाळ होतं की ती चहा करत होती, तिला आठवेना. कार्डावर सही कोणी केली हे मात्र अक्षराने सांगितलं.

"नवीन नमुना द्या पाठवून."

"पाठवतो. मंजूर व्हायला पंचेचाळीस दिवस."

तिने रद्दी कागद मागितला. स्वतःची खोटी सही करायला ती बसली. पाच झाल्या, आठ झाल्या, अकरा झाल्या. तिरकेपणा जमला तर शेपूट जमेना. शेपूट जमलं तर टिंबं मोठी होत. भाऊसाहेब प्रत्येक वेळी कार्डाशी ताडून मान हलवत. अकराव्या सहीला ते हळहळून म्हणाले, "ह्यात हात थरथरतोय, मॅडम. दबावाखाली केल्यासारखी वाटते."

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. उज्ज्वलाने ठरावाचा पुन्हा टंकून घेतलेला, बिनसहीचा कागद उचलला, पेन उचललं आणि घराकडे निघाली. ती भरभर चालली. धाप लागली नाही, ओढ लागली नाही, आणि एवढ्या चांगल्या पायांनी आपण कुठे निघालो आहोत याचा तिला प्रत्येक पावलाला राग येत होता.

भागवत अंगणात पालक निवडत बसला होता. दोन दिवसांत तात्यासाहेबांचे सात फोन येऊन गेले होते आणि त्याने सातही घेतले नव्हते. आता काय करायचं ते पालकालाच विचारत असावा. कागद त्याच्यापुढे आला तेव्हा त्याने हात धोतराला पुसले, ठराव वरपासून खालपर्यंत वाचला आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सरूबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. 

उज्ज्वलाने पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

"अहो," ती म्हणाली, "माझी तेवढी सही करून देता का?"